अमेरिकेतलं सरकार बंद पडलं तेव्हा (ऑक्टोबर 2013) : तुमचे अनुभव

सुटलं एकदाचं! बुधवारी रात्री बारा वाजून गेल्यावर खर्चाच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष ओबामांची सही झाली आणि ते मंजूर न झाल्याने 1 ऑक्टोबरपासून बंद असलेलं सरकार आज पुन्हा कामाला लागलं. याआधीचा बंद 1995-96 चा, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना हा प्रकार नवीनच. टीव्हीवर दोन आठवडे दळण चालू आहे, ते इथे नको. तुमच्या घरात, नोकरीत काय झालं ते लिहा. शिव्या घालायच्या तर पक्षांना घाला, एकमेकांना नको.

पोटोमॅककाठी
बायको मेरीलँडमध्ये सरकारी संशोधक. 1 तारखेला ऑफिसला गेली ती नुसती आवराआवर करायला. फर्लोच्या (सक्तीच्या बिनपगारी रजेच्या) पत्रावर सही करायची, ईमेलला "मी उपलब्ध नाही" लावायचं आणि दुपारच्या आत घरी. बरं, घरी बसून फुकट काम करीन म्हटलं तर तेही बेकायदेशीर! चालू प्रयोगाच्या पेशी दोन दिवसांत मरणार हे तिला ठाऊक होतं, तरी आत जायला मनाई. घट बसले त्या शनिवारी ही मख्खपणे पुरण वाटत होती. नवरात्रात पहिल्याच माळेला पुरण कशाला, विचारायची माझी छाती झाली नाही. सांगलीहून सासूबाईंचा रोज फोन : "सरकारी नोकरी ना? मग घरी कसं बसवतील? खरं सांगा जावईबापू, काढलंय का तिला?"

मला चीड याची येते की भांडण बजेटचं नव्हतंच. ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा 2010 मध्ये झाला, जून 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने उचलून धरला आणि त्याच नोव्हेंबरात "तो रद्द करू" म्हणणारा अध्यक्षपदाचा उमेदवार पडला. तीन ठिकाणी हरल्यावर रिपब्लिकनांनी चौथी खिडकी शोधली : कायद्याचे पैसे काढा, नाहीतर सगळ्या सरकारचाच खर्च अडवतो. त्यांचे टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) 21 तास भाषण करत उभे राहिले, मध्येच मुलींना झोपताना वाचून दाखवायचं पुस्तकही वाचलं. झोप उडाली ती आमची. सिनेटचं बिनअटीचं साधं विधेयक हाऊसचे (खालच्या सभागृहाचे) रिपब्लिकन सभापती बेनर यांनी पहिल्याच दिवशी मतदानाला घेतलं असतं तर दोन्ही पक्षांच्या मतांवर पास झालं असतं. शेवटी झालं तसंच, पण 16 दिवस आणि आठेक लाख लोक घरी बसवून.

तिकडे बेथेस्डाच्या सरकारी संशोधन रुग्णालयात आठवड्याला साधारण 200 नवे रुग्ण थांबवावे लागणार होते, त्यात 30 मुलं, बरीचशी कॅन्सरची. आणि यांचे खासदार कुठे? दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकापाशी, कॅमेऱ्यांसमोर, बॅरिकेड सरकवायला. बॅरिकेड लागलं ते कुणामुळे?

व्हिसावारकरी
नोकरी बदलत होतो. ऑफर हातात, जुन्या ठिकाणी सांगून झालेलं. एच-1बीच्या (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जाआधी लेबर खात्याकडून एलसीए हा मंजूर अर्ज लागतो, एरवी सात कामाच्या दिवसांत मिळतो. खातं बंद, साइटही बंद. गंमत म्हणजे इमिग्रेशनवाले चालू, कारण ते अर्जदारांच्या फीवर चालतात. म्हणजे देवळाचं दार सताड उघडं आणि चपला ठेवायच्या जागेला कुलूप! मत द्यायचा हक्क नाही, तरी कर भरा आणि यांचे रुसवेफुगवेही सोसा.

नाशिककरीण
आईबाबा पहिल्यांदाच आलेले, ग्रँड कॅन्यनचं बुकिंग केलेलं. फाटकावर रेंजर उभा, गाड्या परत पाठवतोय. बाबा म्हणाले, "दरीला कसलं कुलूप लावतात गं?" 12 तारखेला अॅरिझोना राज्याने स्वतःचे पैसे मोजून उघडलं, पण आम्ही तोवर परत आलो होतो.

डॅलसकर
मी रिपब्लिकन मतदार आहे, आधीच सांगतो. सरकारचा खर्च कमी व्हावा हे मला आजही पटतं. पण माझ्याच लोकांवर जेवढा चिडलोय तेवढा ओबामांवर कधी चिडलो नव्हतो. सिनेट आणि व्हाइट हाऊस ओबामांच्या पक्षाकडे असताना हा कायदा मागे घेतला जाईल हे कुणाच्या गणितात बसत होतं? हाती काय लागलं, तर विम्याला सबसिडी घेणाऱ्यांचं उत्पन्न तपासायची एक ओळ. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं!

त्यात 1 तारखेलाच विम्याची सरकारी वेबसाइट उघडली आणि पहिल्याच दिवशी लोळली. नुसतं गप्प बसले असते तर दोन आठवडे तीच बातमी चालली असती. शेवटच्या मतदानात हाऊसमध्ये 285 विरुद्ध 144. आमचे 87 जण "हो" म्हणाले. त्या 87 जणांना सप्टेंबरात कुणी तोंड शिवलं होतं? प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) उजवीकडून कुणी उभा राहील ही भीती, बाकी काही नाही.

पोटोमॅककाठी, पुरणाला हसलो. राग मानू नका.

आयटीहमाल
सरकारी नोकरांना बुडालेला पगार मिळणार, हाऊसने ते 407 विरुद्ध 0 मतांनी पास केलं. आनंद आहे. आम्ही त्याच इमारतीत, शेजारच्या क्यूबिकलमध्ये, पण कंत्राटदार कंपनीचे. आमचे दिवस गेले ते गेले. आधी साठवलेली रजा वापरायला लावली, ती संपल्यावर बिनपगारी. डिसेंबरात भारतात यायची तिकिटं काढली होती. आता रजाच उरली नाही.

सदाशिवपेठी
एक बाळबोध शंका. आपल्याकडे लोकसभेत खर्चाच्या मागण्या पडल्या तर सरकारच जातं. तिथे सरकार बंद पडतं, पण बंद पाडणारे जागेवरच, पगारासकट?

डॅलसकर
हो, पगारासकट. काही जणांनी लाजेकाजेस्तव दान केला.

पोटोमॅककाठी
आणि पैसे आहेत फक्त 15 जानेवारीपर्यंतचे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हाच तमाशा होऊ शकतो. डॅलसकर, तुमच्या सिनेटरसाहेबांना तेवढा तिळगूळ पोचवा.

व्हिसावारकरी
लेबरची साइट सुरू झाली! पण रांग साठलेली आहे, पेजवर पेज उघडत नाहीये. ज्यांचे अर्ज अडकलेत त्यांनी आज रात्रीच बसा, वकिलाच्या भरवशावर राहू नका.