मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशीनमधून होस्टचे सांबा शेअर माउंट होत नाही

माझ्या फेडोरा होस्टवर (मुख्य संगणकावर) केव्हीएम या लिनक्समधील व्हर्च्युअलायझेशन सुविधेवर चालणारे डेबियन व्हर्च्युअल मशीन मॅकव्हीटॅपने (होस्टच्या नेटवर्क कार्डाला थेट जोडणाऱ्या आभासी कार्डाने) ब्रिज मोडमध्ये जोडलेले आहे. होस्टवरील सांबा शेअर (नेटवर्कवरून वापरता येणारे फोल्डर) त्याच नेटवर्कमधल्या लॅपटॉपवर व्यवस्थित उघडते आणि व्हर्च्युअल मशीनला इंटरनेटही मिळते. मात्र व्हर्च्युअल मशीन आणि होस्ट यांच्यात पिंगसुद्धा होत नाही. मॅकव्हीटॅपच्या रचनेतच होस्टशी थेट संवाद होत नसल्यामुळे मी त्या मशीनला लिबव्हर्टच्या (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) डीफॉल्ट नेटवर्कवर दुसरे नेटवर्क कार्ड दिले. आता होस्टच्या १९२.१६८.१२२.१ या पत्त्यावर पिंग होते, परंतु सांबाच्या पोर्ट ४४५ वरील कनेक्शन लगेच नाकारले जाते. सांबा त्या पत्त्यावर ऐकत असल्याची खात्री केली आहे, आणि होस्टवरील फायरवॉलडी ही फायरवॉल सेवा तात्पुरती बंद केल्यावर माउंट यशस्वी होते. म्हणजे अडथळा बहुधा फायरवॉलडीच्या लिबव्हर्ट झोनमध्येच (त्या नेटवर्कसाठीच्या नियमांच्या गटात) आहे.

होस्टवर मी दुरून एसएसएचने काम करतो, त्यामुळे कनेक्शन तुटण्याचा धोका पत्करून खरा ब्रिज उभारणे शक्य नाही. सर्व मशीनना एकच युजर आणि पासवर्ड चालावा यासाठी सांबाच ठेवायचे आहे.

केवळ लिबव्हर्ट झोनमध्ये सांबा सेवा कायमची उघडणे पुरेसे आणि सुरक्षित आहे का? तसेच दोन्ही कार्डांना डीएचसीपीने आपोआप पत्ता मिळत असताना इंटरनेटची वाहतूक पहिल्याच कार्डावरून जावी, यासाठी व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्कमॅनेजरमध्ये दुसऱ्या कार्डाचा डीफॉल्ट रूट (बाहेरच्या वाहतुकीचा ठरलेला मार्ग) कसा बंद करावा?