मदत हवी आहे: भिंगऱ्यांच्या मोजणीतले शून्य कसे हाताळू?

नमस्कार मंडळी. मी ओंटारियोत राहतो. इथल्या बँक स्वॅलोच्या, म्हणजे नदी-तलावाकाठच्या वाळूच्या कड्यात बिळं करणाऱ्या भिंगरीच्या, आकड्यांवर काम करतोय. कॅनडात 1970 पासून सुमारे 98 टक्के घट झालीय आणि 2017 पासून हा पक्षी कायद्याने संकटग्रस्त आहे. ईरी तलावाच्या कड्यावर बिळाबिळातून बाहेर डोकावणारी पिल्लं पाहिली, की हा आकडा घशाखाली उतरत नाही.

माझी माहिती 1966 ला सुरू झालेल्या ब्रीडिंग बर्ड सर्व्हेची, म्हणजे विणीच्या काळात रस्त्याकडेनं होणाऱ्या वार्षिक पक्षीमोजणीची आहे. साधारण 39 किलोमीटरच्या रस्त्यावर 50 थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं. अडचण अशी, की ही भिंगरी वसाहतीनं राहते. एका थांब्यावर एकदम साठ, बाकी सगळीकडे शून्य. त्यात कडा ढासळला की वसाहत रस्त्यापासून दूर सरकते. मग ही खरी घट, की नुसता जागाबदल?

मोजणीच्या आकड्यांसाठी नेहमी वापरतात ते पॉयसाँ मॉडेल साफ कोलमडलं. निगेटिव्ह बायनॉमियल, म्हणजे फार विखुरलेले आकडे झेलणारं मॉडेल, बरं चाललंय, पण नवा निरीक्षक आला की कलाची रेषा उडी मारते. निरीक्षक आणि मार्ग दोन्ही रँडम इफेक्ट (प्रत्येकाचा वेगळा, यादृच्छिक धरलेला परिणाम) घ्यावेत, की निरीक्षकाचं पहिलं वर्ष वेगळं धरावं? कोविडमुळे 2020 ची मोजणी झालीच नाही, ते वर्ष रिकामं ठेवलं तर चालेल ना?

आर (R) या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत असं काही केलेल्या कुणी कोड दाखवला तर फार उपकार होतील.