केमिस्ट्री कुठून सुरू करावी, संयुजेच्या तक्त्यापासून की वजनकाट्यापासून?

बोरकूट :
भाची यंदा नववीला आहे. क्लासमध्ये आल्या आल्या संयुजांचा, म्हणजे कुठला अणू किती बंध जोडतो त्या आकड्यांचा, तक्ता पाठ करून घेतला, सोडियम एक, कॅल्शियम दोन, अ‍ॅल्युमिनियम तीन, लोह कधी दोन कधी तीन, आणि मग तिरपा गुणाकार करून सूत्रं लिहायची. पोरगी सूत्रं धडाधड लिहिते हो, पण मेणबत्ती संपली की मेण जातं कुठे विचारलं तर म्हणे वितळून जातं. मग तिला मेणबत्ती विझवायला लावली आणि वातीतून जो पांढरा धूर निघतो त्याच्याजवळ लगेच पेटती काडी नेली, वातीला टेकवली पण नाही, तर ज्योत धुरातून सरसर खाली उतरून वातीवर जाऊन बसली. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. तेव्हा कुठे तिने मान वर करून बघितलं.
माझं मत असं की पहिले दोनेक महिने अणू नको, संयुजा नको. जाळा, विरघळवा, उकळा, आणि दर वेळी आधीचं नंतरचं वजन करा. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा लाव्हाझिए पण काटा घेऊनच बसला होता की.

खानदेशी_वांगं :
ऐकायला भारी, पण हे जादूचे खेळ होतात शेवटी. हळदीच्या डागाला साबण लावला की लाल, पाण्याने खळबळून काढला की परत पिवळा, हे आपल्या आज्यांना पण माहीत होतं, का होतं ते कोणी सांगितलं त्यांना? बघून कळत नसतं. आणि काट्याचंच म्हणाल तर अणुसिद्धांतवाल्या डाल्टनकडे काटा पण होता डोकं पण होतं, तरी तो पाण्याचं सूत्र एचटूओ ऐवजी एचओ धरून बसला, अणुभारांचा, म्हणजे कुठला अणू किती जड त्याचा, घोळ निस्तरायला १८६० ची कार्ल्सरूहची रसायनशास्त्रज्ञांची परिषद उजाडली. एवढ्या मोठ्या लोकांना पन्नास वर्षं लागली आणि नववीतल्या पोरीने सहामाहीच्या आत काट्यावरून शोधायचं? तयार आहे ते द्या ना सरळ.

रिकामा_बीकर :
मी क्लास घेतो त्यामुळे दोन्हीकडून बोलणार 😀 शाळेत काटा असतो, कपाटात असतो, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते विचारू नका. पण संयुजा पाठ करायला लावणं मला पण पटत नाही. आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, समोर ठेवा, पहिल्या गणाला (उभ्या रांगेला) एक, दुसऱ्याला दोन, पोरं स्वतःच बोलायला लागतात. ही सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८६९ ला असलाच क्रम बघून जागा मोकळ्या सोडल्या आणि १८७५ ला नवं सापडलेलं गॅलियम त्यातल्या एका जागेत जाऊन बसलं, ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरचे पण ऐकतात. लोहासारखे आडमुठे नंतर.

बोरकूट :
@खानदेशी_वांगं अहो शोधून काढ असं कुठे म्हणतोय, प्रश्न पडू दे म्हणतोय. ५ ग्रॅम खायचा सोडा आणि १०० मिली साधं व्हिनेगर एका उघड्या ग्लासात, फसफस थांबली की स्वयंपाकघरातल्या काट्यावर पण दोनेक ग्रॅम कमी दिसतात. ८४ ग्रॅम सोड्यामागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो, त्या हिशोबाने २.६ यायला हवेत, पण थोडा वायू पाण्यात मुरून राहतो.

खानदेशी_वांगं :
आणि वायू गेला नाही तर वजन तेवढंच राहतं हे कसं दाखवणार? सगळे बाटलीच्या तोंडाला फुगा लावून दाखवतात. तुमच्याच मापाने करा, सव्वा लिटरच्या वर फुगा फुगेल, तो तेवढी हवा बाजूला सारतो आणि लिटरभर हवा १.२ ग्रॅमची असते, म्हणजे काहीच बाहेर गेलं नसताना काटा दीडेक ग्रॅम कमी दाखवणार. पोरगी म्हणणार वस्तुमान नाहीसं झालं! आणि ८४, ४४ आणले कुठून? अणुभारांची बेरीज करूनच ना? म्हणजे मागच्या दाराने अणू घेतलाच.

बोरकूट :
घेतला की, पण तिने "दोनच ग्रॅम का, पाच का नाही" विचारल्यावर घेतला. क्लासमध्ये तो कोणी न विचारता येऊन बसतो. फुग्याचं मात्र बरोबर. कोल्ड्रिंकच्या लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत व्हिनेगर घ्यायचं, त्यात अर्धा चमचा सोडा टिश्यूत गुंडाळून टाकायचा आणि झाकण घट्ट, बाटली फारशी फुगत नाही. सोडा जास्त घ्यायचा नाही आणि काचेची बाटली तर अजिबात नको, फुटेल.

सुगरण_नाही :
ते लोखंड जाळून वजन वाढतं दाखवायचं असेल तर भांड्यांची घासणी घेऊ नका, ती बहुतेक स्टेनलेसची असते, नीट पेटतच नाही. हार्डवेअरवाल्याकडे बारीक स्टील वूल मिळतं ते घ्या, मोकळं पिंजून घ्या, आणि खाली ताटली ठेवा नाहीतर ठिणग्यांबरोबर वजनही उडून जाईल. मी वांग्यांच्या पार्टीत आहे बरं का, सूत्र आधी. प्रयोग मात्र सोडणार नाही.

खानदेशी_वांगं :
घ्या, आमच्या पार्टीत पण फितूर. तरी मी म्हणतो, दोन महिने नुसते प्रयोग केले तर सहामाहीच्या पेपरात समीकरण संतुलित करा आलं की पोरगी काय लिहिणार? मेणबत्ती?

रिकामा_बीकर :
मला काट्याचं सांगा राव. घरचा एक ग्रॅमचा चालत नाही, दोन ग्रॅमचा फरक आणि एक ग्रॅमची चूक, पोरं लगेच वाद घालतात.

बोरकूट :
०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा ऑनलाइन मिळतो, पण त्यातले बरेचसे २०० ग्रॅमपर्यंतच झेपतात. काचेचा ग्लास ठेवलात तर तिथेच संपलं, प्लास्टिकचा पातळ कप घ्या.