न उठणारा संगणक : स्लीप बंद करणे हा उपाय की पळवाट?

रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत टेबलावरचा संगणक अजूनही भरपूर वापरला जातो. कुणी त्यावर सोसायटीचे हिशेब ठेवतो, कुणी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका करतो, निवृत्त मंडळी लेख टाइप करतात. या संगणकांबद्दल एक तक्रार वारंवार कानावर येते. स्लीपमध्ये, म्हणजे थोड्याशा विजेवर झोपेच्या स्थितीत, गेलेला संगणक पुन्हा उठत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. दुकानात नेला की उत्तर ठरलेले असते : विंडोज बिघडली आहे, फॉरमॅट मारून (विंडोजचा भाग पुसून ती नव्याने बसवून) देतो. आमच्या शेजारच्या काकांचा संगणक असाच फॉरमॅट होऊन घरी आला. डी ड्राइव्हवरचे त्यांचे लेख शाबूत होते, पण ज्या जुन्या मराठी फाँटात ते टाइप केले होते तो फाँटच गेल्यामुळे पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागली, कीबोर्डची मांडणी नव्याने बसवावी लागली आणि प्रिंटर ओळखला जाईना. मूळ दुखणे मात्र तसेच राहिले. संगणक पुन्हा झोपला आणि उठला नाही. शेवटी दुकानदाराने स्लीपच बंद करून दिले.

माझे म्हणणे असे आहे की, कारण शोधण्याआधी फॉरमॅट करणे चूक आहे आणि कारण शोधण्याआधी स्लीप बंद करणे हीदेखील पळवाट आहे. कारण शोधणे लोकांना वाटते तितके अवघड नाही, कारण त्याचा बराचसा पुरावा संगणक स्वतःच लिहून ठेवत असतो.

सर्वात आधी, संगणक उठला नाही की केवळ पडदा उठला नाही, हे ठरवावे. पडदा काळा असताना कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतला संगणक जागा आहे आणि दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये (पडद्यावरचे चित्र सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये), केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा चित्र परत येते. कॅप्स लॉकचा दिवा हलत नसेल तर संगणक उठता उठता अडकला आहे, असे समजावे. आणि पॉवरचे बटण दाबल्यावर उठतो पण कीबोर्ड-माउसने उठत नाही, एवढीच तक्रार असेल तर तो बिघाड नाहीच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कीबोर्डला संगणक उठवण्याची परवानगी द्यायची राहिली आहे, इतकेच.

यानंतर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून त्यातला सिस्टीम लॉग पाहावा. संगणक स्लीपमध्ये जाताना तिथे 'कर्नल-पॉवर' या नावाने क्रमांक ४२ची नोंद होते. नीट जागा झाला तर 'पॉवर-ट्रबलशूटर'ची क्रमांक १ची नोंद येते आणि तीत झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ व कशामुळे उठला, हे सारे लिहिलेले असते. व्यवस्थित बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला तर कर्नल-पॉवरचीच क्रमांक ४१ची नोंद येते. या तीन नोंदी एकाखाली एक वाचल्या की अंदाज बांधता येतो. ४२ नंतर १ आली आहे आणि तरीही पडदा काळा होता, तर संगणक निर्दोष आहे, पडद्याकडे वळावे. ४२ नंतर थेट ४१ आली आहे, तर संगणक झोपेतून परतलाच नाही. शिवाय ४१च्या तपशिलात 'स्लीप-इन-प्रोग्रेस' असा एक रकाना असतो. तिथे शून्याऐवजी दुसरा अंक दिसला तर संगणक झोपेच्या व्यवहारातच कोसळला, हे कळते.

एवढे पाहायला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. ते न पाहता कुणाच्याही संगणकावर फॉरमॅट मारू नये, असे मला कळकळीने वाटते.


सुदामानगर-शिक्षिका

आपले विवेचन मी नीट वाचले आणि त्यातले काही करूनही पाहिले, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी घरी मुलांच्या शिकवण्या घेते. संध्याकाळी मुले समोर बसलेली असताना कर्नल-पॉवर वाचत बसण्याची सवड मला नसते. संगणक हे माझ्यासाठी साधन आहे आणि साधनाचा एखादा भाग भरवशाचा नसेल तर तो भाग न वापरणे याला मी पळवाट म्हणणार नाही. माझ्या संगणकावर स्लीप कायमचे 'नेव्हर' केलेले आहे, दहा मिनिटांनी फक्त मॉनिटर बंद होतो, आणि रात्री मी तो शट डाउन करते.

दुसरे कारण आपल्या गावाचे आहे. पावसाळ्यात जरा जोराची सर आली की लाईट जाते. स्लीपमध्ये उघड्या फाइली रॅममध्ये (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत) असतात आणि रॅमला वीज मिळाली नाही की त्या गेल्या. त्यातच पुष्कळ घरांत रात्री झोपण्यापूर्वी भिंतीवरची सगळी बटणे बंद करण्याची शिस्त असते; आमच्या सासूबाई ती कटाक्षाने पाळतात. अशा घरात स्लीप म्हणजे सकाळी हमखास मनस्ताप. आपण ज्याला बिघाड समजून शोधत आहात, तो निम्म्या घरांत भिंतीवरच्या बटणात असेल.


जेलरोड-दुरुस्तीवाला

दोघांचेही वाचले. मी हेच काम करतो, म्हणून दुकानदाराची बाजू आधी मांडतो, कारण ती कुणी मांडत नाही. गिऱ्हाईक दुपारी कॅबिनेट आणून ठेवते आणि संध्याकाळी परत मागते. झोपेतून न उठण्याचा दोष टेबलावर लगेच दिसत नाही; संगणक तासन् तास झोपवून ठेवावा लागतो, पुन्हा पुन्हा उठवून पाहावा लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला कुणी तयार नसते. फॉरमॅटचे पैसे मात्र सगळे देतात. फॉरमॅट योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण त्याचा सारा दोष दुकानदाराच्या माथी मारू नये.

आता मूळ मुद्दा. धागाकर्त्यांनी ड्रायव्हर आणि नोंदी यांवर भर दिला आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या जुन्या संगणकांत दोष बहुधा एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात) निघतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणक झोपला की एसएमपीएसच्या मुख्य तारा बंद होतात आणि पाच व्होल्टची एकच स्टँडबाय तार चालू राहते. चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये ती नवव्या पिनेवर असते आणि तारा रंगीत असतील तर जांभळी असते. झोपेच्या सगळ्या काळात रॅम त्याच तारेवर जगते. हा स्टँडबायचा भाग भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत रात्रंदिवस काम करतो, संगणक वापरात असो वा नसो, त्यामुळे त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) इतरांआधी थकतात. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. इंदूरच्या मे महिन्यात भिंतीला चिकटवून ठेवलेल्या आणि जाळीत धूळ भरलेल्या कॅबिनेटमध्ये काय होत असेल, ते आपणच पाहा. त्या तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असायला हवेत. दाब त्याखाली उतरला की रॅममधला मजकूर विस्कटतो आणि संगणक उठताना अडकतो. हाच संगणक बंद करून नव्याने सुरू केला तर छान चालतो, कारण तेव्हा रॅममध्ये जपायचे काही नसते. म्हणूनच सगळ्यांना दोष विंडोजचा वाटतो.

एक विनंती आहे. हे वाचून कुणी एसएमपीएसचा डबा उघडू नये. वायर काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. तपासायचे असेल तर ओळखीचा चांगला एसएमपीएस एक रात्र लावून पाहावा, आणि हातासरशी रॅम काढून तिची पट्टी खोडरबराने पुसून पुन्हा घट्ट बसवावी. पावसाळ्यानंतर एवढ्यानेही काही संगणक सरळ होतात.


पुणे-मुक्कामी-इंदूरकर

माझे आईवडील इंदूरला एकटे राहतात आणि मी पुण्याहून त्यांचा संगणक सांभाळते, तेव्हा सुदामानगरच्या ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. पडदा काळा दिसला की बाबा पॉवरचे बटण दाबून धरतात. चार-पाच सेकंदांत वीज तुटते आणि त्या क्षणी फाइल लिहिली जात असेल तर ती खराब होऊ शकते. त्यांना फोनवर कॅप्स लॉकची परीक्षा समजावून सांगण्यापेक्षा मी स्लीपऐवजी हायबरनेट लावून दिले आहे. त्यात सगळे डिस्कवर लिहिले जाते, वीज गेली किंवा बटण बंद केले तरी काही बिघडत नाही, आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असल्यामुळे उठायलाही फार वेळ लागत नाही.


रामबागकर

सर्वांचे आभार. जेलरोडच्या भाऊंनी स्टँडबाय तारेचे जे सांगितले, त्याने चर्चेत फार मोलाची भर पडली आहे. पण सुदामानगरच्या ताईंच्या दोन मुद्द्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

रोज रात्री शट डाउन केले की हा प्रश्नच उरत नाही, असे त्या सुचवतात, पण तसे नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि बहुतेक संगणकांवर ती आपोआप चालू असते. तिच्यामुळे शट डाउन करताना उघडे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर रात्रीतून ताजा होतोच असे नाही. तो खरोखर नव्याने सुरू होतो तो 'रीस्टार्ट' केल्यावर. रोज शट डाउन करूनही सकाळी काळा पडदा पाहणारी घरे आहेत, त्यामागे हेही कारण असू शकते. फास्ट स्टार्टअप बंद करायचे असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या कामाची निवड जिथे असते तिथे, त्याची खूण काढता येते.

लाईट जाण्याचा मुद्दा रास्त आहे, पण त्यावर विंडोजमध्येच 'हायब्रिड स्लीप' ही तोड आहे. टेबलावरच्या संगणकांवर ती बहुधा चालूच असते. तीत रॅम जागी ठेवली जाते आणि तिची प्रत डिस्कवरही लिहिली जाते. लाईट गेली नाही तर संगणक चटकन उठतो, गेली तर डिस्कवरून उठतो. भिंतीवरचे बटण बंद झाले तरीही हेच लागू आहे.

विजेचा हिशेबही मांडतो, कारण स्लीप 'नेव्हर' करून संगणक रात्रभर चालू ठेवणारेही पुष्कळ आहेत. रिकामा चालणारा संगणक पन्नास वॅट घेतो असे धरले, तर रोजच्या दहा तासांचे महिन्याला पंधरा युनिट होतात. झोपलेला संगणक तीन वॅटच्या आसपास घेतो, त्याचे तेवढ्याच वेळात महिन्याला एक युनिटही होत नाही.

पुण्याच्या ताईंचा हायबरनेटचा उपाय मात्र मला तपासणी म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो, आणि भाऊंच्या म्हणण्याशी तो नेमका जुळतो. हायबरनेटमध्ये रॅमला वीज लागत नाही, परंतु उठताना प्रत्येक ड्रायव्हरला आपली स्थिती पुन्हा उभी करावीच लागते. तेव्हा संगणक हायबरनेटमधून नीट उठत असेल आणि स्लीपमधून उठत नसेल, तर संशय एसएमपीएस, रॅम किंवा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) यांच्यावर घ्यावा. दोन्हींतून उठत नसेल तर ग्राफिक्स आणि चिपसेटचे (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचे) ड्रायव्हर आधी पाहावेत, आणि दोष नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' करून जुना ड्रायव्हर परत आणावा. भाऊ ज्या एका रात्रीचे पैसे कुणी देत नाही म्हणतात, ती रात्र गिऱ्हाइकाने आपल्याच घरी घालवली आणि निकाल चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटसोबत पाठवला, तर फॉरमॅटची वेळ सहसा येणार नाही.


सुदामानगर-शिक्षिका

फास्ट स्टार्टअपची माहिती मला नवी होती आणि ती खूण मी आजच काढली आहे. हायब्रिड स्लीपबद्दल मात्र माझी शंका कायम आहे. भाऊंनी सांगितल्याप्रमाणे स्टँडबाय तार दुबळी झाली असेल, तर रॅममधला मजकूर विस्कटलेला आहे हे संगणकाला कळणार कसे? वीज पूर्ण गेली तरच तो डिस्कवरच्या प्रतीकडे वळेल. दाब नुसता उतरला असेल तर तो त्याच विस्कटलेल्या रॅममधून उठायला जाईल आणि अडकेल.


जेलरोड-दुरुस्तीवाला

ताई, बरोबर बोललात, तसेच होते. हायब्रिड स्लीप लाईट जाण्यापासून वाचवते, थकलेल्या एसएमपीएसपासून वाचवत नाही. म्हणून माझा सल्ला असा राहील की पाच-सहा वर्षे जुना एसएमपीएस असेल तर तो बदलेपर्यंत स्लीप बंदच ठेवावे आणि हायबरनेट वापरावे. आणि धागाकर्ते म्हणतात तशी चिठ्ठी खरोखर पाठवा. तीत ४१ची नोंद किती वाजताची आहे तेही लिहा, कारण ती वेळ रोज सकाळी बटण चालू केल्याचीच निघाली तर मला कॅबिनेट उघडण्याआधी रात्री बटण कोण बंद करते, हे विचारावे लागेल.