प्रायव्हेट डीएनएस: काय झाकले जाते आणि काय नाही

‘फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस चालू केले की इंटरनेट कंपनीला काहीच दिसत नाही’ हे विधान निम्मेच खरे आहे. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील क्रमांक) शोधून देणारी यंत्रणा; प्रायव्हेट डीएनएस ही चौकशी एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात झाकून, पाठवते. अँड्रॉइड ९ पासून मिळालेल्या या सोयीतील ‘ऑटोमॅटिक’ पर्याय बहुधा त्याच कंपनीच्या सर्व्हरशी एन्क्रिप्टेड जोडणी करून पाहतो आणि ती जमली नाही, तर काहीही न सांगता उघड्या चौकशीवर परततो. त्यामुळे क्वाड९सारख्या डीएनएस सेवेचे सर्व्हरनाव स्वतः भरणे बरे. तसे केल्यावर दादर स्थानकासारख्या ठिकाणच्या सार्वजनिक वायफायचे लॉगिन पान अडू शकते (आणि लोक वैतागून सेटिंगच बंद करतात). ही सोय मूळच्या डीएनएस-ओव्हर-टीएलएस पद्धतीने ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे जोडणीच्या वेगळ्या ठरावीक वाटेने, चालत असल्याने वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या कार्यालयाला ती सहज रोखता येते. डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस ही दुसरी पद्धत मात्र ४४३ पोर्टवरील संकेतस्थळांच्या नेहमीच्या वर्दळीत मिसळते. शिवाय जोडणीच्या आरंभी ब्राउझर संकेतस्थळाचे नाव अनेकदा उघडच पाठवतो. ‘एन्क्रिप्टेड क्लायंट हेलो’ हे तंत्र ते नाव झाकते, परंतु त्यासाठी संकेतस्थळाचीही साथ लागते. संकेतस्थळाचा आयपी पत्ता तरीही इंटरनेट कंपनीला दिसतोच, आणि आपल्या सगळ्या चौकशा आता निवडलेल्या डीएनएस सेवेकडे जमा होतात.