गव्हाचा ट्रक आणि नानांची दादर

सेक्रेटरी: यंदाही सोसायटीसाठी मध्य प्रदेशातल्या सिहोरचा गहू एकत्रच मागवू. ट्रक रविवारी जळगावात येतोय. कट्टे किती, आजच कळवा.

बी-३०२ वहिनी: ३ कट्टे. मागच्या वेळी एकात सोंडे निघाले होते, तेवढं बघा.

सी-१०१: दरवर्षी मध्य प्रदेशच का? आपल्या तापीकाठची दादर ज्वारी घ्या की. गाडीभाडं वाचेल.

नाना, ए-२०४: भाऊ, चोपड्याकडे ३ एकर दादर पेरतो म्हणून सांगतो. गाडीभाडं किलोमागे रुपया-दोन रुपये, ते सोडा. पैसा जातो सोंगणीत. गव्हात हार्वेस्टर घातला की रान मोकळं. दादर माणसाच्या वर वाढते, हातानेच कापायची, कणसं खुडायची, मग मळणी. आणि मजूर केळीच्या बागांत.

सी-१०१: पण हमीभाव ज्वारीलाच जास्त आहे ना? २०२५-२६ चा क्विंटलला ३,६९९, गव्हाचा २०२६-२७ चा २,५८५.

नाना: उतारा बघा ना! ४-५ पाणी दिलं तर एकरी माझा गहू १४ क्विंटल. कोरडवाहू दादर ५. म्हणजे ३६ हजार आणि साडेअठरा. पण दादर काळ्या जमिनीतल्या ओलीवरच निघते, विहिरीचं पाणी लागत नाही. ते पाणी कोणी हिशेबात धरत नाही. आणि कडबा! आमचे वडील कडब्यासाठी दादर पेरायचे, दाणे वरचे. बैल गेले, ट्रॅक्टर आला, आता निम्मं पीक बांधावर पडून. तो खर्च सगळा दाण्यावर येतो.

बी-२०१ आजी: तुमले काय माहित! १९७२ ना दुष्काळमा रेशनवर अमेरिकानी लाल मिलो ज्वारी खादी. भाकर तवावरच फुटे.

सी-१०१: आजी, २०२३ पासून रेशनचं धान्य फुकट आहे. विकतची ज्वारी घेणार कोण?

बी-३०२ वहिनी: मी. कळण्याच्या भाकरीला गहू चालतो का? नाना, भाव बोला.

नाना: ५५ रुपये किलो. त्यात निदान मजुरी निघते. पण मागणी पेरणीआधी हवी, म्हणजे सप्टेंबरात, निम्म्या पैशांसकट. पीक बुडालं तर पैसे परत.

सेक्रेटरी: दादर पुढच्या वर्षी आणि पैसे आधी?

नाना: मेंटेनन्स तुम्ही आगाऊच घेता की 😄

बी-३०२ वहिनी: माझे ५० किलो लिहा.

बी-२०१ आजी: मना १० किलो.

सेक्रेटरी: बरं. गव्हाचे आकडे मात्र संध्याकाळपर्यंत टाका, ट्रकवाला थांबणार नाही.