मदत हवी आहे: नाचोजचा खालचा थर सादळतोय

शनिवारी दादरला घरी आठ जणं येतायत आणि या पावसाळी हवेत नाचोज कुरकुरीत राहतच नाहीयेत. २८ लिटरचा ओटीजी आहे, मायक्रोवेव्ह नाही. गेल्या वेळी १८० वर १० मिनिटं ठेवले, वरचं चीज मस्त वितळलं पण राजमा नि साल्साचं पाणी खाली उतरून चिप्स पार तासाभरापूर्वीच्या भेळेसारखे, उचलला की वाकतोय. मग चिप्स आधी ५ मिनिटं नुसतेच भाजून पाहिले, थोडाच फरक पडला. साल्सा आता वाटीत वेगळा देणारे. चीज मोझरेला आणि प्रोसेस्ड अर्धं अर्धं, चीज सॉस नकोय, मला तो आवडतच नाही. ट्रे एकच मावतो, म्हणजे दोन खेपा आल्याच. तर राजम्याच्या खाली चीजचा एक थर दिला तर चिप्स वाचतील का, आणि दुसरी खेप होईपर्यंत पहिली कुरकुरीत कशी ठेवायची?